परवानाधारकाच्या मृत्यूनंतर शस्त्राचे काय? वारसांच्या जबाबदाऱ्या, कायद्यातील तरतुदी आणि हयातीतील नियोजन

नवी दिल्ली : घर, शेतजमीन, बँकेतील ठेवी आणि दागिने यांची वाटणी कशी व्हावी याचा विचार बहुतेक कुटुंबांत कधी ना कधी होतो. कपाटात कुलूपबंद असलेल्या परवान्याच्या बंदुकीचा किंवा रिव्हॉल्व्हरचा विचार मात्र क्वचितच होतो. परवानाधारकाचे निधन झाल्यावर ते शस्त्र कोणाच्या ताब्यात राहते, ते कोठे जमा करायचे आणि वारसाला ते मिळते का, हे प्रश्न कुटुंबासमोर अचानक उभे राहतात. दुःखाच्या दिवसांत त्यांच्याकडे दुर्लक्ष झाले, तर काल-परवापर्यंत कायदेशीर असलेले शस्त्र त्याच घरात बेकायदा ठरू शकते. शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांतील तरतुदींच्या आधारे या विषयाची ही माहिती.

मालकी वेगळी, परवाना वेगळा

या विषयातील बहुतेक गैरसमज एका गोष्टीतून निर्माण होतात. शस्त्र ही जंगम मालमत्ता आहे. मालकाच्या मृत्यूनंतर ती इतर मालमत्तेप्रमाणेच वारसा कायद्यानुसार किंवा मृत्युपत्रानुसार वारसांकडे जाते. हिंदू वारसा अधिनियम, १९५६ लागू असलेल्या कुटुंबात पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई हे प्रथम वर्गातील वारस असून बंदुकीच्या किमतीवरही त्यांचा समान हक्क असतो. बंदूक मुलाकडेच जावी, असे कायदा कोठेही म्हणत नाही.

परवाना ही मात्र मालमत्ता नाही. ती विशिष्ट व्यक्तीला, तिची पोलीस पडताळणी करून, दिलेली परवानगी असते आणि त्या व्यक्तीच्या मृत्यूबरोबर ती संपते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली आहे. तथापि परवान्यावर छापलेली अंतिम तारीख अद्याप दूर असली, तरी उरलेल्या मुदतीचा कोणताही लाभ कुटुंबीयांना मिळत नाही. अधिनियमाच्या कलम ३ नुसार बंदूक वा दारूगोळा बाळगण्यासाठी ज्याच्या ताब्यात तो आहे त्याच्याच नावे परवाना असावा लागतो.

म्हणूनच मृत्युपत्रात एखाद्याच्या नावे बंदूक लिहून ठेवल्याने त्याला ती घरी ठेवण्याचा अधिकार मिळत नाही. मृत्युपत्राने मालकीचा प्रश्न सुटतो, ताब्याचा नाही.

पहिले पाऊल : शस्त्र जमा करणे

कोणत्याही कारणाने शस्त्राचा ताबा कायदेशीर राहिला नाही, तर ते विनाकारण विलंब न करता जमा करावे, असे अधिनियमाचे कलम २१ सांगते. परवानाधारकाचा मृत्यू हे असेच एक कारण आहे. शस्त्र नजीकच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याकडे किंवा विहित अटींच्या अधीन राहून परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करता येते. ताबा असलेली व्यक्ती सशस्त्र दलात असल्यास तिला ते तुकडीच्या शस्त्रागारातही जमा करता येते. शस्त्रासोबत शिल्लक काडतुसेही जमा करणे बंधनकारक आहे. बंदूक जमा केली आणि काडतुसांचा डबा माळ्यावर राहून गेला, तर कायद्याची पूर्तता अर्धवटच राहते.

कलमात ‘विनाकारण विलंब न करता’ असे शब्द असून दिवसांची संख्या दिलेली नाही. मात्र याचा अर्थ सवडीने जमा करावे असा होत नाही. अंत्यविधी आणि उत्तरकार्य आटोपताच, शक्य झाल्यास त्याआधीच, पोलीस ठाण्याला लेखी कळवणे हा कुटुंबासाठी सुरक्षित मार्ग आहे. शस्त्र स्वतः उचलून नेण्यापूर्वी ठाण्याला कल्पना देणे केव्हाही हिताचे, कारण परवाना नसलेल्या व्यक्तीने बंदूक रस्त्याने नेणे हाही वादाचा मुद्दा होऊ शकतो. बंदूक भरलेली आहे का हे घरातील कोणाला कळत नसेल, तर तिला हात न लावता जाणकार कर्मचारी पाठवण्याची विनंती ठाण्याकडे करावी.

जमा करताना मिळणारी पावती हा यापुढील प्रत्येक टप्प्याचा आधार आहे. पावतीवर शस्त्राचा प्रकार, बोअर, उत्पादन क्रमांक, काडतुसांची संख्या, जमा केल्याची तारीख आणि जमा करणाऱ्याचे नाव स्पष्ट असल्याची खात्री करून घ्यावी. शस्त्र ज्या स्थितीत दिले त्याची नोंद असल्यास पुढे गंज किंवा नुकसानीबाबत वाद उद्भवत नाही.

जमा केले म्हणजे हक्क गेला, ही भीतीही अनाठायी आहे. जमा केलेले शस्त्र विहित मुदतीत परत मिळवण्याचा अथवा पात्र व्यक्तीला विकून त्याची रक्कम घेण्याचा अधिकार जमा करणाऱ्याला असतो. त्याचेही निधन झाल्यास तो त्याच्या कायदेशीर प्रतिनिधीला मिळतो. परत मिळण्यासाठी संबंधिताने त्या काळात परवाना मिळवून पात्र होणे आवश्यक असते. मुदतीत काहीच हालचाल झाली नाही, तर जिल्हादंडाधिकारी ते सरकारजमा करण्याचा आदेश देऊ शकतात. त्यापूर्वी नोटीस बजावून कारणे दाखवण्यासाठी ३० दिवस देणे कायद्याने आवश्यक आहे. ही नोटीस जुन्या पत्त्यावर जाऊन पडू नये, यासाठी पत्ता बदलल्यास तो कळवणे ही वारसांची जबाबदारी ठरते.

निवडणुकीत जमा केलेली बंदूक

निवडणुकांच्या काळात अनेक परवानाधारकांना शस्त्रे जमा करावी लागतात. त्या काळात किंवा शस्त्र परत घेण्यापूर्वी मालकाचे निधन झाल्यास घरात बंदूक नसते आणि कुटुंबाचा समज होतो की ती हरवली किंवा विकली गेली. अशा वेळी मालकाच्या कागदपत्रांत जमा-पावती शोधणे आणि संबंधित ठाण्याकडे चौकशी करणे आवश्यक ठरते.

वारसाच्या नावे परवाना

शस्त्र नियम, २०१६ मधील नियम २५ हा वारसांसाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. त्यानुसार परवानाधारकाच्या मृत्यूनंतर परवाना प्राधिकारी त्याच्या कायदेशीर वारसाला परवाना देऊ शकतो. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत सामान्यतः पोलीस आयुक्त आणि अन्यत्र जिल्हादंडाधिकारी हे परवाना प्राधिकारी असतात.

नव्याने परवाना मागणाऱ्याला आपल्या जीविताला असलेला धोका किंवा शस्त्राची गरज पटवून द्यावी लागते. नियम २५ वारसाला या बाबतीत सवलत देतो. अधिनियम आणि नियमांतील पात्रतेच्या अटी पूर्ण होत असतील आणि पोलीस अहवालात प्रतिकूल शेरा नसेल, तर वारसाहक्काने परवाना देता येतो. ही सवलत असली तरी परवाना आपोआप मिळत नाही. अर्ज, पडताळणी आणि निर्णय हे टप्पे वारसालाही चुकत नाहीत.

पात्रतेच्या अटींत वय प्रथम येते. २१ वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीला बंदुकीचा परवाना मिळत नाही. वडिलांचे निधन झाले तेव्हा मुलगा १९ वर्षांचा असेल, तर त्याच्या नावे लगेच परवाना होऊ शकत नाही. आई किंवा सज्ञान बहीण यांपैकी कोणी अर्ज करावा, की शस्त्राची विक्री करावी, याचा निर्णय कुटुंबाला घ्यावा लागतो. हिंसाचार किंवा नैतिक अधःपतनाशी संबंधित गुन्ह्यात शिक्षा झालेल्या व्यक्तीवर शिक्षा संपल्यानंतरही पाच वर्षे बंधन असते. शांतता राखण्याचा बंधपत्राचा आदेश असलेल्या व्यक्तीलाही त्या मुदतीत शस्त्र बाळगता येत नाही. मानसिक अस्वास्थ्य किंवा सार्वजनिक शांततेचे कारण दाखवूनही परवाना नाकारता येतो. मात्र केवळ पुरेशी मालमत्ता नाही या कारणावरून परवाना नाकारू नये, असे अधिनियम स्पष्टपणे म्हणतो.

अर्जासोबत मृत्यूचा दाखला, मूळ परवाना, जमा-पावती, वारसा सिद्ध करणारी कागदपत्रे, ओळख व पत्त्याचे पुरावे आणि शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र यांची तयारी ठेवावी. एकापेक्षा अधिक वारस असल्यास इतरांची ना हरकत प्रतिज्ञापत्रावर मागितली जाते. अनेक अर्ज याच टप्प्यावर अडकतात. भावंडांत जमिनीचा वाद सुरू असेल, तर बंदुकीच्या ना हरकतीवर सही करण्यासही कोणी तयार होत नाही आणि शस्त्र वर्षानुवर्षे ठाण्याच्या मालखान्यात पडून राहते.

परवान्यांची नोंद आता राष्ट्रीय माहितीकोशात होते आणि प्रत्येक परवानाधारकाला विशिष्ट ओळख क्रमांक दिला जातो. जुन्या पिढीतील काही परवाने केवळ कागदी पुस्तिकेच्या रूपात राहिले आहेत. मूळ परवान्याला असा क्रमांक आहे का, हे मालकाच्या हयातीतच तपासून घेतलेले बरे.

परवाना नाकारल्यास प्राधिकाऱ्याने त्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात. सार्वजनिक हिताला बाधा येत नसेल तर मागणी केल्यावर ती अर्जदाराला द्यावी लागतात. कलम १८ नुसार विहित मुदतीत अपील करता येते. आदेश थेट सरकारचा असल्यास मात्र अपिलाचा हा मार्ग खुला नसतो.

हयातीत हस्तांतराची तरतूद

मृत्यूपर्यंत थांबणे आवश्यक नाही, ही बाब अनेक परवानाधारकांना ठाऊक नसते. नियम २५ नुसार परवानाधारकाने वयाची ७० वर्षे पूर्ण केली असतील किंवा शस्त्र २५ वर्षे त्याच्याकडे असेल, तर यांपैकी जे आधी घडेल तेव्हापासून तो आपल्या एखाद्या कायदेशीर वारसाचे नाव सुचवू शकतो आणि प्राधिकारी त्या वारसाला परवाना देऊ शकतो.

या मार्गाचे फायदे स्पष्ट आहेत. शस्त्राची माहिती देणारी व्यक्ती हयात असते. कागदपत्रे तिच्या हाताशी असतात. इतर वारसांशी बोलून त्यांची संमती मिळवणे सोपे जाते. वारस पात्र ठरला नाही, तर दुसरा विचार करण्यास वेळ मिळतो. वयोमानाने दृष्टी किंवा स्मरणशक्ती क्षीण होत असलेल्या व्यक्तीकडील शस्त्र वेळीच जबाबदार हातांत जाणे, ही घराच्या सुरक्षेच्या दृष्टीनेही महत्त्वाची गोष्ट आहे.

दोन शस्त्रांची मर्यादा

एका व्यक्तीकडे किती बंदुका असाव्यात, यावर १९८३ च्या दुरुस्तीने तीनची मर्यादा घातली होती. शस्त्र (सुधारणा) अधिनियम, २०१९ ने ती दोनवर आणली. मूळ विधेयकात एकाच शस्त्राचा प्रस्ताव होता. संसदेत मंजूर होताना तो दोन असा झाला. ही दुरुस्ती १४ डिसेंबर २०१९ पासून अमलात आली. दोनपेक्षा अधिक शस्त्रे असलेल्यांना जादा शस्त्रे जमा करण्यासाठी एक वर्षाची मुदत देण्यात आली होती. नेमबाजी संस्थांच्या सदस्यांना सरावाच्या .२२ बोअर रायफलीपुरती वेगळी तरतूद आहे.

वारसाहक्काने परवाना देतानाही दोन शस्त्रांची मर्यादा ओलांडता येणार नाही, असे दुरुस्तीत स्पष्ट केलेले आहे. याचा परिणाम एका काल्पनिक उदाहरणाने समजेल. वडिलांकडे बारा बोअरची दुनळी बंदूक आणि .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर अशी दोन शस्त्रे आहेत. मुलाकडे आधीच एक रिव्हॉल्व्हर आहे. वडिलांच्या पश्चात मुलाला त्यांपैकी एकच शस्त्र आपल्या परवान्यावर घेता येईल. दुसरे बहिणीच्या किंवा आईच्या नावे व्हावे लागेल, अथवा विकावे लागेल. कोणते शस्त्र कोणाकडे जावे, हे मालकाने आधीच लिहून ठेवले असेल तर हा पेच बराच सौम्य होतो.

प्रतिबंधित बोअरची शस्त्रे

सर्व शस्त्रांना एकच नियम लागू होत नाही. .३०३ आणि ७.६२ मिमीच्या रायफली, तसेच सैनिकी ९ मिमी किंवा .४५ काडतुसे वापरणारी पिस्तुले ही प्रतिबंधित बोअरच्या वर्गात मोडतात. त्यांचे परवाने देण्याचा अधिकार केंद्रीय गृह मंत्रालयाकडे आहे. त्यामुळे अशा शस्त्राचा मालक निवर्तल्यास जिल्हास्तरावर निर्णय होईल, या अपेक्षेवर कुटुंबाने विसंबून राहू नये. स्वयंचलित शस्त्रांबाबत कायदा अधिक कठोर आहे. आपल्याकडील शस्त्र कोणत्या वर्गात येते, हे परवान्यावरील बोअरच्या नोंदीवरून कळते. शंका असल्यास परवाना शाखेकडून लेखी स्पष्टीकरण घ्यावे.

विक्रीचा मार्ग

वारसांपैकी कोणालाच शस्त्र नको असेल, तर विक्री हा सरळ पर्याय आहे. कायदेशीर प्रतिनिधी जमा केलेले शस्त्र पात्र व्यक्तीला विकू शकतो किंवा विक्रीचा अधिकार दुसऱ्याला देऊ शकतो. खासगी व्यक्तीला विकायचे झाल्यास कलम ५ नुसार जिल्हादंडाधिकारी किंवा नजीकच्या पोलीस ठाण्याला विक्रीचा इरादा आणि खरेदीदाराचे नाव-पत्ता लेखी कळवावे लागते. त्यानंतर किमान ४५ दिवस उलटल्याशिवाय व्यवहार करता येत नाही. परवानाधारक विक्रेत्यामार्फत व्यवहार केल्यास खरेदीदार शोधण्याचा त्रास वाचतो.

परदेशात स्थायिक झालेल्या मुलामुलींसाठी हाच पर्याय बहुधा व्यवहार्य ठरतो. पुण्यातील किंवा नागपुरातील वडिलांची बंदूक अमेरिकेत नेणे म्हणजे भारतातील निर्यात परवाना आणि तेथील आयातीचे नियम अशा दोन्ही बाजू सांभाळणे होय. भारतातील नातेवाइकाला मुखत्यारपत्र देऊन विक्री करणे त्यापेक्षा सोपे असते.

पणजोबांची ठासणीची बंदूक

अनेक वाड्यांतून आणि देवघरांतून खंडेनवमीला पूजेसाठी बाहेर निघणारी जुनी शस्त्रे आढळतात. ती शोभेची आहेत, म्हणून परवाना लागत नाही, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. जुन्या बनावटीचे, पुरातन मूल्याचे किंवा नादुरुस्त शस्त्र अधिनियमाच्या कक्षेबाहेर ठेवताना कलम ४५ ने अट घातली आहे की, ते दुरुस्तीशिवाय किंवा दुरुस्तीनंतरही बंदूक म्हणून वापरता येण्याजोगे नसावे. दुरुस्त करून चालू शकणारी बंदूक कितीही जुनी असली तरी परवान्याच्या कक्षेतच राहते. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमातील तरतुदीही लागू होऊ शकतात.

कोकण, गोवा आणि कोडगू

कोकणात आणि गोव्यात रानडुक्कर, माकडे यांपासून भात, काजू आणि बागायतीचे रक्षण करण्यासाठी शेती संरक्षणाचे शस्त्र परवाने दिले जातात. अधिनियमाच्या कलम १३ मध्येही पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. अशा परवान्याचा आधार शेती हाच असतो. त्यामुळे मृत व्यक्तीची जमीन कोणाच्या नावे झाली आणि ती कोण कसतो, हे प्रश्न वारसाच्या अर्जात महत्त्वाचे ठरतात. मुलगा मुंबईत नोकरीला आणि शेती चुलतभावाकडे, अशी स्थिती असल्यास परवाना मागण्याचे कारण नीट मांडावे लागते. सातबारावरील वारस नोंद वेळेत करून घेणे त्यासाठी उपयुक्त ठरते.

कर्नाटकातील कोडगूची परंपरा या सर्वांहून वेगळी आहे. कोडवा समाजातील व्यक्ती आणि जम्मा जमिनीचे धारक यांना परवान्यातून ब्रिटिश काळापासून सवलत आहे. केंद्र सरकारने २०१९ मध्ये ती २०२९ पर्यंत वाढवली आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. तेथे बंदूक जन्म-मृत्यूच्या विधींचा भाग आहे. ही सवलत त्या समाजापुरती आणि त्या प्रदेशापुरती आहे. तिचा दाखला अन्यत्र देता येत नाही.

अमेरिकेतील पद्धत

अमेरिकेत १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टखाली मशीनगन, सायलेन्सर आणि आखूड नळीच्या रायफली यांची संघीय नोंदणी आवश्यक असते. मालकाच्या मृत्यूनंतर मृत्युपत्राचा व्यवस्थापक संपत्तीची विल्हेवाट लागेपर्यंत ती आपल्याकडे ठेवू शकतो आणि कायदेशीर वारसाच्या नावे करमुक्त हस्तांतरासाठी अर्ज करतो. अनेक मालक त्यासाठी स्वतंत्र न्यास स्थापन करतात. नोंदणी नसलेले शस्त्र मात्र वारसाला नंतर नोंदवता येत नाही. भारतातील कायद्याचा रोख वेगळा आहे. येथे परवाना नसलेल्या कुटुंबीयाला शस्त्र घरी सांभाळून ठेवण्याची मोकळीक नाही, ते जमाच करावे लागते.

दुर्लक्षाची किंमत

परवान्याविना बंदूक बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षांच्या कारावासाची व दंडाची तरतूद आहे. प्रतिबंधित शस्त्रांबाबत शिक्षा सात ते चौदा वर्षांपर्यंत जाते. कलम २१ नुसार शस्त्र जमा न करणे हाही स्वतंत्र गुन्हा आहे. कलम ३ खालील खटल्यासाठी जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, एवढे संरक्षण कायद्याने ठेवले आहे.

‘आम्हाला माहीतच नव्हते’ हा बचाव कितपत टिकतो, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या १९७२ मधील गुणवंतलाल प्रकरणातील निकालात मिळते. ताबा सिद्ध होण्यासाठी शस्त्र असल्याची जाणीव आवश्यक असते. मात्र ते प्रत्यक्ष हातात नसले तरी त्यावर नियंत्रण असल्यास ताबा मानला जातो. पतीच्या बंद कपाटात पिस्तूल आहे, याची कल्पनाच नसलेल्या पत्नीची बाजू भक्कम राहते. कपाट उघडून ते पाहिल्यानंतरही ती स्वस्थ बसली, तर तशी राहत नाही.

मालकाने आज काय करावे

परवाना, खरेदीची पावती आणि जमा-पावत्या एकाच फाइलमध्ये ठेवून ती कोठे आहे, हे किमान दोन विश्वासू व्यक्तींना सांगावे. शस्त्राचा प्रकार, क्रमांक, काडतुसांची संख्या आणि परवाना शाखेचा पत्ता यांची एक यादी करावी. किल्ली कोणाकडे सोपवायची, हे ठरवताना आपल्या हयातीत परवाना नसलेल्या व्यक्तीच्या हाती शस्त्र जाणार नाही, याची काळजी घ्यावी. कोणते शस्त्र कोणाला द्यायचे, ते मृत्युपत्रात क्रमांकासह लिहावे. तो वारस वयाने, चारित्र्याने आणि दोन शस्त्रांच्या मर्यादेत पात्र आहे का, हे तपासावे. तो पात्र न ठरल्यास शस्त्र विकून रक्कम वाटावी, असा पर्यायही नमूद करावा. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक असतात. नोंदणी सक्तीची नाही, तरी ती केल्यास पुढील वाद टळू शकतात. सत्तरी ओलांडलेल्या किंवा २५ वर्षे शस्त्र बाळगलेल्या परवानाधारकाने वारसाचे नाव आताच सुचवण्याचा विचार करावा.

कुटुंबीयांसाठी क्रम सोपा आहे. आधी पोलीस ठाण्याला लेखी कळवावे, मग शस्त्र व काडतुसे जमा करून पावती घ्यावी, नंतर वारसांनी एकत्र बसून परवाना की विक्री हे ठरवावे आणि विहित मुदत संपण्यापूर्वी अर्ज दाखल करावा. मुदतीची नेमकी तारीख जमा करतानाच ठाण्याकडून किंवा परवाना शाखेकडून लेखी विचारून घ्यावी.